‘नागरिक’ कोणाला म्हणावे?

‘नागरिक’ हा शब्द ‘नगर’पासून सिद्ध झाला (वात्स्यायनाचा ‘नागरक’ तर निव्वळ विलासी शहरी गृहस्थ), आणि शासनव्यवहारात तो आजही वेशीबाहेर फारसा पडलेला नाही. नाशकात पाणीपुरवठा बंद राहणार असला की सहकार्याचे आवाहन ‘नागरिकांना’ होते. सुरगाणा-पेठच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या नागली पिकवणारा आदिवासी मात्र सरकारी कागदावर कधी ‘अतिक्रमणधारक’, कधी ‘दावेदार’ आणि निवडणूक जवळ आली की ‘लाभार्थी’! २००६ च्या वनाधिकार कायद्याने त्याचा हक्क मान्य केला. परंतु १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आपण ही जमीन कसतो, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्याच शिरावर ठेवला.

याच कायद्याच्या अंमलबजावणीसाठी ६ मार्च २०१८ रोजी हजारो कष्टकरी नाशिकहून मुंबईस पायी निघाले. दहावीच्या परीक्षार्थींचा खोळंबा होऊ नये म्हणून रक्ताळल्या पायांनी त्यांनी शेवटचा टप्पा रातोरात चालून पार केला. महानगराने त्यांच्या या नागरिकधर्माचे कौतुक केले. कौतुकाने जमीन नावावर होत नाही. लाभार्थ्याला दिलेले काढूनही घेता येते. नागरिकाचा हक्क नाकारणाऱ्याला जाब द्यावा लागतो. शासनाला नेमका हा जाबच टाळावयाचा आहे. प्रलंबित दाव्यांच्या कागदांवरून ‘अतिक्रमणधारक’ हा शब्द त्याने खोडावा, आणि सातबाऱ्यावर कसणाऱ्याचे नाव त्याच दिवशी चढवावे.