प्रयोगशाळेतली लघवीची पिशवी आणि साधी नळी

‘डॉक्टर, आता लघवीची पिशवी प्रयोगशाळेत तयार होते म्हणे. मग आमच्या मुलीला नळी कशाला?’ स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीच्या कण्याचा जन्मदोष असलेल्या मुलांचे पालक मोबाइलवरची बातमी दाखवून असं विचारतात. बातमी खोटी नसते, पण अर्धी असते.

ती बातमी बहुधा डॉ. अँथनी अटाला यांच्या कामाची असते. ते अमेरिकेतले मुलांचे मूत्रविकार शल्यचिकित्सक. या जन्मदोषात मूत्राशयाच्या नसा नीट काम करत नाहीत. बऱ्याच मुलांत पिशवी कडक होते, आतला दाब वाढतो आणि किडनी हळूहळू खराब होऊ लागते. औषधांनी भागलं नाही तर आतड्याचा तुकडा जोडून पिशवी मोठी करतात. पण आतड्याचं काम शोषून घेण्याचं. ते लघवीतले क्षार रक्तात परत घेतं, चिकट स्राव सोडतं, पिशवीत खडे होतात. त्यापेक्षा मुलाच्याच मूत्राशयाच्या पेशी वाढवून पिशवी का करू नये, हा अटालांचा प्रश्न अगदी रास्त होता.

२००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्या चमूने ७ रुग्णांची माहिती दिली. वयं ४ ते १९ वर्षं. मूत्राशयाचा छोटा तुकडा काढून पेशी वाढवल्या, विरघळणाऱ्या साच्यावर बसवल्या आणि सुमारे ७ आठवड्यांनी तो भाग पिशवीला जोडला. निकाल आशादायक होते. जगभर मथळे झळकले.

पुढचा भाग मथळ्यांत आला नाही. याच तंत्राची पुढची चाचणी दुसऱ्या डॉक्टरांनी १० मुलांवर केली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. पिशवीची क्षमता वाढली नाही, ताठरपणातही म्हणण्याजोगा फरक पडला नाही. काहींना आतड्यात अडथळा येणं, पिशवी फाटणं असे गंभीर त्रास झाले. धोका मान्य करता येईल त्यापेक्षा जास्त आहे, असं संशोधकांनी स्वतःच लिहिलं.

माझ्या मते हा दुसरा निबंध पहिल्याइतकाच मोलाचा आहे. काय चाललं नाही हे प्रामाणिकपणे छापल्यामुळे पुढची किती मुलं वाचली असतील! तेव्हा एखाद्या संशोधकाचं नाव वाचलंत की एवढं विचारा: हे किती मुलांवर केलं, किती वर्षं पाहिलं, आणि दुसऱ्या कोणी करून पाहिलं का?

आता नळीकडे येऊ. १९७२ मध्ये मिशिगन विद्यापीठातले डॉ. जॅक लॅपिडीस यांनी सांगितलं की निर्जंतुक नव्हे, नुसत्या स्वच्छ नळीने ठरावीक वेळाने लघवी काढली तरी चालतं. पिशवी तुडुंब भरून ताणली जाणं हेच जंतुसंसर्गाचं मोठं कारण आहे, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा अनेकांना ते पटलं नाही. आज जगभर याच पद्धतीने या मुलांच्या किडन्या सांभाळल्या जातात. ना यंत्र, ना मथळा! आणि पिशवी कशानेही मोठी केली तरी नसा नव्या येत नाहीत. ती रिकामी करायला बहुतेकांना नळी लागतेच.

म्हणून नव्या पिशवीची वाट पाहत नळी टाळू नका. साबणाने हात धुऊन, सहसा दर ३-४ तासांनी, शाळेतसुद्धा. ६-७ वर्षांची बरीच मुलं स्वतः शिकतात. या मुलांना लॅटेक्स रबराची अ‍ॅलर्जी असू शकते, तेव्हा नळी आणि हातमोजे लॅटेक्सविरहित घ्या. सोनोग्राफी आणि पिशवीतल्या दाबाची तपासणी, म्हणजे युरोडायनॅमिक्स, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी करा, मूल अगदी ठणठणीत दिसत असलं तरी. पिशवीतला वाढलेला दाब दुखत नाही.