प्रार्थनेवर टाकलेले मॉर्फीनचे ओझे

पतीच्या कर्करोगावर आता उपचार उरलेले नाहीत, असे ऐकून परतलेली पत्नी देवापुढे निरांजन लावते. तिला अंधश्रद्ध ठरवणारे विज्ञानवादी आणि ‘नामस्मरण करा, भोग सरतील’ असे सांगणारे धर्मनिष्ठ, दोघेही एकाच गोष्टीकडे पाठ फिरवतात: आतल्या खोलीत तो माणूस वेदनेने तळमळत असतो.

ही वेदना बहुतांशी शमवता येते. मॉर्फीनची गोळी जुनी आहे, स्वस्त आहे. आणि दैवदुर्विलास असा की, तिचा कच्चा माल, अफू, सरकारी परवान्याने मंदसौर, नीमच, चित्तोडगढच्या शेतांत पिकतो. तिथले शेतकरी सांवलिया सेठच्या दानपात्रात अफूही अर्पण करत आले आहेत. देवापर्यंत ती पोहोचते, रुग्णापर्यंत नाही. लॅन्सेट आयोगाच्या २०१७च्या अहवालानुसार भारताला अशी वेदनाशामके गरजेच्या जेमतेम ४ टक्के मिळत होती. १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या धास्तीने अनेक रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. २०१४ साली कायदा शिथिल झाला, धास्ती उरली.

केरळने २००८ सालीच उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले. परिचारिका आणि शेजारीपाजारी रुग्णाच्या दारी जाऊ लागले. त्यामुळे तिथल्या देवळांत, चर्चमध्ये, मशिदींत प्रार्थना थांबल्याचे कोणी ऐकले नाही.

प्रार्थना त्या स्त्रीला रात्र काढण्याचे बळ देते. ते हिरावण्याचा अधिकार कोणाला नाही. पण दर चार तासांच्या गोळीचे काम देवाकडे ढकलून आरोग्य खाते मोकळे होते. औषधभांडारात मॉर्फीन का नाही, याचा जाब त्या खात्याला द्यावाच लागेल. तो मागायला तिला उसंत कुठली?