‘रिस्क’ला मराठीत काय म्हणायचं?

मी मराठी विभागासाठी लिहितेय याचं आमच्या विंगमधल्या मुलींना अजून हसू येतंय. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, घरी बोलण्यापुरती मराठी, ऱ्हस्व-दीर्घाशी आपलं कधीच जमलं नाही. तेव्हा चुका पोटात घाला. पण हा लेख इंग्लिश सेक्शनला दिला असता तर तो लिहिण्यात काही अर्थच नव्हता. का ते पुढे कळेल.

मागच्या वर्षी सबमिशनच्या ऐन धामधुमीत माझ्या पप्पांची बायपास झाली. रात्री साडेदहाला रेक्टर मॅडमनी गेट उघडायला लावलं आणि वॉचमनकाकांना माझ्यासोबत एसटी स्टँडपर्यंत पाठवलं, हे इथे जाता जाता नोंदवून ठेवते. (एरवी मॅडमबद्दल आम्ही काय बोलतो ते सोडा.)

पप्पांचं गावाकडे मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, पप्पा त्यात तांब्याची तार भरून देतात. चढ चढताना छातीत दाटायचं, ते ‘ॲसिडिटी’ म्हणून सहा महिने अंगावर काढलं. मग अँजिओग्राफी, तीन ब्लॉक, आणि शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण माझं म्हणणं एका हॉस्पिटलपुरतं नाही.

सर्जन खरंच मोठे. वेटिंग हॉलमध्ये लोक त्यांच्याबद्दल देवासारखं बोलत होते. अशा ठिकाणी डॉ. नितू मांडक्यांचंही नाव हमखास निघतं. इतक्यांची हृदयं दुरुस्त केली आणि २००३ साली स्वतःच हार्ट ॲटॅकने गेले, असं सांगून शेजारच्या काकांनी आईला उगाच अजून घाबरवलं.

तर हे सर्जन राउंडला आले. मागे चार-पाच ज्युनियर. फाइल उघडली आणि विचारलं, “हू इज विथ द पेशंट?” मी पुढे झाले. मी इंग्लिशमध्ये उत्तर दिलं आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. पुढची चार मिनिटं ते फक्त माझ्याशी बोलले. मी दोन प्रश्न विचारले, ते म्हणाले, “स्मार्ट गर्ल.” खरं सांगते, मला चक्क भारी वाटलं. पप्पा त्याच कॉटवर, आमच्या दोघांच्या मधोमध बसले होते. ज्याची छाती उघडायची तो माणूस टेनिसची मॅच बघितल्यासारखा एकदा डॉक्टरांकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. आई पायथ्याशी उभी. तिच्याशी कुणीच बोललं नाही.

संध्याकाळी फॉर्म आला. तीन पानं, सगळी इंग्लिशमध्ये. सिस्टर म्हणाल्या, “ताई, तुम्हीच समजावून सांगा आणि सह्या घ्या.” मी वाचत गेले. पायातली शीर काढणार, छातीचं हाड कापणार, नंतर स्टीलच्या तारेने बांधणार, इथपर्यंत ठीक. मग खाली रिस्क. स्ट्रोक, किडनी फेल होणं, रक्तस्राव झाल्यास पुन्हा उघडणं, आणि शेवटी मृत्यू. डॉक्टरांनी मला आकडा सांगितला होता, पप्पांच्या केसमध्ये शंभरात एक-दोन.

आईने विचारलं, “काय लिहिलंय?”

मी म्हणाले, “नेहमीचंच. थोडी रिस्क असते म्हणतायत, सगळ्यांनाच असते.”

‘रिस्क’ हा शब्द मी तसाच ठेवला, मुद्दाम. मराठीत सांगितलं असतं तर ‘जीव जाऊ शकतो’ असं म्हणावं लागलं असतं. आईने विश्वासाने सही केली, पप्पांनीही केली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने संमती मिळाली. प्रत्यक्षात दोघांनी माझ्या खोटेपणावर सही केली होती.

नंतर मी या विषयावर थोडं वाचलं. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नुसती सही म्हणजे संमती नाही. काय करणार, पर्याय काय, मोठे धोके कोणते, हे पेशंटला पुरेसं कळलं पाहिजे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तर पेशंटला समजेल अशा भाषेत सांगावं असंही आहे. आमच्या बाबतीत ती समजेल अशी भाषा म्हणजे मी. वय वर्षं वीस, मेकॅनिकल, मेडिकलचा संबंध बारावीच्या बायोलॉजीपुरता, आणि त्यात वडिलांच्या काळजीने हात कापत असलेली.

त्या रात्री आई खाली रक्तदात्यांना फोन करत होती तेव्हा पप्पांनी विचारलं, “बाळा, मरायचे चान्स किती?”

मी म्हणाले, “काहीतरीच काय पप्पा, हल्ली हे रूटीन आहे.”

ते काही बोलले नाहीत. उशीखालून एक वही काढून दिली. त्यात दुकानाची उधारी, सोसायटीचं कर्ज, विम्याचा हप्ता, कुणाची मोटर तयार आहे पण नेलेली नाही, सगळं तारखेनिशी. त्यांना सगळं ठाऊक होतं. शेजारच्या कॉटवरच्या मामांची बायपास पाच दिवसांपूर्वी झाली होती. पप्पांनी त्यांना गाठून सगळं विचारून घेतलं होतं, अगदी शुद्धीवर आल्यावर घशात नळी असते, बोलता येत नाही, तेव्हा घाबरायचं नाही इथपर्यंत. जे सर्जनने सांगायचं ते मामांनी सांगितलं, आणि जे मी सांगायचं ते मी लपवलं. ती रात्र पप्पांनी एकट्याने काढली. ती गोष्ट मला अजून टोचते.

ऑपरेशन पाच तास चाललं आणि व्यवस्थित झालं. सर्जन बाहेर आले, “ऑल वेल,” म्हणाले आणि लिफ्टकडे गेले. हा माणूस कामात किती पक्का होता हे मला मान्यच आहे, त्याच्यामुळे माझे वडील आहेत. दिवसाला दोन-तीन छात्या उघडणाऱ्याने प्रत्येक घराला तासभर द्यावा असं मी म्हणत नाही.

पण तिसऱ्या दिवशी आयसीयूबाहेर एक वेगळंच दृश्य बघितलं. एका आजींना ऑपरेशननंतर स्ट्रोक झाला होता. त्यांची माणसं बाकावर रडत होती. आमचे तेच सर्जन टोपी काढून त्यांच्या मध्ये बसले होते आणि मराठीत बोलत होते. चांगल्या, साध्या, घरच्या मराठीत. मेंदूत गुठळी कशी जाते, पुढचे दोन दिवस काय बघायचं, हात किती परत येईल. अर्धा तास तरी बसले असतील. म्हणजे त्यांना येत होतं! वेळही काढता येत होता. फक्त तो वाईट झाल्यावर निघतो, आधी नाही.

यावर कुणी म्हणेल, पेशंट घाबरतो म्हणून नाही सांगत. आपणही तेच करतो. डॉक्टरांना बाजूला घेऊन ‘त्यांना सांगू नका हं’ म्हणणारे आपणच. म्हणून सगळा दोष मी सर्जनवर टाकत नाही. पण फॉर्म मराठीत छापायला किती खर्च येतो? आणि आदल्या दिवशी पंधरा मिनिटं, पेशंट समोर, त्याच्याकडे बघून, सर्जनने नाही तर त्यांच्या एखाद्या ज्युनियरने बोलायला काय हरकत आहे? मुलगी इंग्लिश बोलते म्हणून तिला दुभाषी करू नका. ती त्या दिवशी मुलगी असते, तिला तेवढंच राहू द्या.

ज्या यंत्रावर पप्पांचं रक्त फिरत होतं त्या हार्ट-लंग मशीनबद्दल मी नंतर शोधलं. (शेवटी आपण मेकॅनिकलवाले, पंप दिसला की राहवत नाही. त्यात रोलर पंप असतो, रबरी नळी दाबत रक्त पुढे ढकलणारा.) जॉन गिबन नावाच्या अमेरिकन सर्जनने ते वापरून १९५३ साली फिलाडेल्फियात एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयाचं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. पण कल्पना त्याच्या वीसेक वर्षं आधीची. तेव्हा तरुण असलेला गिबन एका बाईच्या कॉटजवळ रात्रभर बसून होता. तिच्या फुप्फुसात गुठळी अडकली होती आणि तो नाडी, ब्लडप्रेशर लिहून घेण्यापलीकडे काही करू शकत नव्हता. ती वाचली नाही. तिथे बसल्या बसल्या त्याला यंत्र सुचलं.

तीन महिन्यांनी फॉलो-अपला गेलो तेव्हा मी मुद्दाम खुर्ची मागे सरकवून बसले. सर्जननी सवयीने माझ्याकडे बघितलं, मी पप्पांकडे बोट केलं. पप्पांनी खिशातून कागद काढला. नऊ प्रश्न. सातवा होता, पाच एच.पी.ची मोटर उचलली तर चालेल का?

“वजन किती असतं हो तिचं?” सर्जननी विचारलं.

“चाळीसच्या पुढे, साहेब.”

“मग एकट्याने नाही. पोरगा ठेवा हाताखाली. पण मला सांगा, आमच्या फार्महाउसवरची मोटर सारखी जळते, ती कशाने?”

पप्पांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. बाहेर पुढच्या पेशंटचा नंबर दोनदा पुकारला गेला.