हातचं राखून सांगताना



उन्हाळा लागला की आपल्या मलकापुरात गच्च्यागच्च्यांवर वाळवणं पडतात. दोन वर्षांमागे शेजारणीनं मला विचारलं, "ताई, उडदाच्या पापडात पापडखार किती हो घालता?" मी म्हटलं, "अंदाजानं." खरं तर माप माझ्या वहीत लिहिलेलं होतं! तिचे पापड तळताना लाल झाले, चवीला कडवट लागले. ती बिचारी स्वतःलाच नावं ठेवत राहिली आणि इकडे माझ्या घशाखाली घास उतरेना.

शेवटी वहीच तिच्या हाती दिली. तिनं काय करावं? माप तर उतरवून घेतलंच, वर डब्याच्या झाकणानं सगळे पापड एकसारखे कापले, मोजून पुडे बांधले. गेल्या वर्षी तिला दोन दुकानांची मागणी आली. आता पुडे बांधायची रीत मी तिच्याकडून शिकतेय!

अल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८९० सालच्या ग्रंथात हेच मांडलंय. एका गावात एकच धंदा करणारे पुष्कळ जण असले, की त्यातल्या खुब्या कुणाच्या कुलपात राहत नाहीत. मुलंसुद्धा त्या नकळत उचलतात. एकाची कल्पना दुसरा घेतो, तीत आपली भर घालतो आणि त्यातून आणखी नवं निघतं.

इचलकरंजीचंच पाहा ना. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग बसवला. पुढे तिथं घरोघरी माग खडखडू लागले आणि गाव 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी झाले चार पुडे. तोच 'लिज्जत'! आज त्यात ४० हजारांहून अधिक बहिणी आहेत. त्या सात जणींनी हातचं राखलं असतं, तर?

"पण माझं गिऱ्हाईक ती नेईल, त्याचं काय?" असं तुमच्या मनात येईल. ही भीती काही खोटी नाही. जिच्यावर घर चालतं अशी एखादी खुबी खुशाल स्वतःपाशी ठेवा, पण मग तसं स्पष्ट सांगा. 'अंदाजानं' म्हणून कुणाचं पीठ वाया घालवू नका. आणि जे सांगाल ते मापानं सांगा: वाटी कोणती, चमचा केवढा.

माझ्या वहीत यंदा दोन पानं शेजारणीच्या अक्षरातली आहेत.