कॅलरी मोजा, पण ताट आधी निवडा

वजन उतरायचे तर खर्चापेक्षा कमी कॅलरी पोटात जायला हव्यात, हे निर्विवाद. अमेरिकेतील पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी 2010 मध्ये मुख्यतः क्रीमचे केक आणि तत्सम खाऊ मोजून खात दहा आठवड्यांत सुमारे 12 किलो वजन घटवले. मग अन्नाच्या दर्जाची मातब्बरी ती काय? हा युक्तिवाद धरून चालतो की ठरवलेल्या आकड्यावर माणूस थांबतोच. खरी अडचण तिथेच आहे. संशोधक केविन हॉल यांच्या 2019 च्या प्रयोगात 20 जणांना दोन-दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि साधे अन्न हवे तेवढे खाऊ दिले. समोर ठेवलेल्या जेवणातील कॅलरी, साखर, मेद सारखेच होते. तरी पहिल्या प्रकारात माणसे रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचे वजनही वाढले.

चांगले अन्न महाग, हा आक्षेप बदाम-अव्होकॅडोपुरता खरा. मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी त्यात बसत नाही. प्रथिने आणि तंतू असलेले हे जेवण पोटाला आधार देते. अर्थात घरचे म्हणून बेहिशेबी खाणेही चुकीचेच, कारण मोठा चमचाभर तेलातही सुमारे 120 कॅलरी असतात. म्हणून मोजणी हवीच. मात्र ती महिनोन्‌महिने टिकेल की नाही, हे ताटातले पदार्थच ठरवतात.