पोलिसाकडून हरल्याची लाज

१२ जुलै २०१६ रोजी स्कॉटलंडच्या सेल्टिक या नामांकित फुटबॉल क्लबचा संघ चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत जिब्राल्टरच्या लिंकन रेड इम्प्स या क्लबकडून एक-शून्य असा हरला. पराभव एका गोलाचा; परंतु त्यावर उठलेला आक्रोश एखादे राज्य बुडाल्यासारखा होता. क्लबच्या शतकाहून अधिक काळाच्या इतिहासातला हा सर्वांत वाईट निकाल की काय, याची चर्चा वृत्तपत्रांतून झाली. पाठीराख्यांच्या तोंडी तर एकच शब्द होता : लाज. खेळाडूंनी लाज आणली, हिरव्या-पांढऱ्या सदऱ्याला काळिमा फासला, आणि तोही कुणाकडून हरून? गोल करणारा ली कॅशियारो पेशाने पोलीस! नोकरी सांभाळून उरल्या वेळात फुटबॉल खेळणारी माणसे ती!

या ‘लाज’ शब्दाशी माझे भांडण आहे. हरल्याचे दुःख मला कळते. प्रवासखर्च करून, रजा टाकून, परक्या गावी उन्हातान्हात उभे राहून आपला संघ हरताना पाहणे ही काही सुखाची गोष्ट नव्हे. चिडावे, रुसावे, दोन दिवस जेवण गोड लागू नये, हे सारे क्षम्य आहे. परंतु दुःख वेगळे आणि लाज वेगळी. आपण कमी पडलो याचे दुःख होते. समोरचा आपल्याहून हलका आहे असे आधीच गृहीत धरलेले असले, म्हणजे लाज वाटते. त्या रात्री सेल्टिकच्या पाठीराख्यांनी जी लाज बोलून दाखवली, तिच्या पोटात हा दुसऱ्याला हलका लेखण्याचा भाव दडलेला होता. आणि हा भाव जगातल्या इतर कुठल्याही क्लबला एक वेळ शोभेल, सेल्टिकला शोभत नाही.

का शोभत नाही, हे समजण्यासाठी वाचकांना ग्लासगो शहराच्या पूर्व भागात यावे लागेल. दुष्काळाने देशोधडीला लागलेली आयरिश कुटुंबे एकोणिसाव्या शतकात तेथल्या कोंदट चाळींतून दाटीवाटीने राहत होती. मिळेल ते हलके काम, अपुरी मजुरी, आणि शाळेत उपाशी पोटी येणारी मुले. आयर्लंडातील स्लायगो परगण्यातल्या बॅलिमोट गावी १८४० साली जन्मलेले अँड्र्यू केरिन्स मारिस्ट संघात जाऊन ब्रदर वॉलफ्रिड झाले, आणि त्या भागातल्या सेक्रेड हार्ट शाळेचे मुख्याध्यापक म्हणून ही भूक त्यांनी रोज पाहिली. मुलांना एका पेनीत जेवण देण्याची व्यवस्था त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. (ही मुले प्रॉटेस्टंटांच्या अन्नछत्रांकडे वळतील ही धास्तीही त्यामागे होती, ते लपवण्याचे कारण नाही.) पेनीपेनीने भागेना, तेव्हा पैसा उभा करण्यासाठी फुटबॉल क्लब काढण्याचे ठरले. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरी चर्चच्या सभागृहात जो क्लब स्थापन झाला, तोच हा सेल्टिक. गरिबांच्या पोराबाळांना दोन घास मिळावेत म्हणून जन्मलेला संघ.

१८९२ साली वरिष्ठांनी ब्रदर वॉलफ्रिड यांची लंडनला बदली केली, १८९७ मध्ये क्लब मर्यादित कंपनी झाला, आणि दानधर्माची मूळ प्रतिज्ञा हळूहळू मागे पडली. तो इतिहास वेगळा व बराच कटू आहे. तरीही पाठीराखे आजतागायत अभिमानाने सांगतात की आमचा क्लब कष्टकऱ्यांचा, निर्वासितांचा, हिणवल्या गेलेल्यांचा. आयर्लंडमधून आलेल्या त्या कामकऱ्यांना ग्लासगोतील प्रतिष्ठित समाजाने किती हिणवले, हे त्यांच्या नातवंडांना सांगावे लागत नाही. मग तीच नातवंडे जिब्राल्टरच्या एका पोलिसाला कोणत्या तोंडाने हिणवतात?

इथे मला जॉक स्टीन यांची आठवण करून द्यावीशी वाटते. सेल्टिकच्या पाठीराख्यांपुढे हे नाव घेतले की माना आदराने लवतात. २५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये त्यांच्या संघाने इंटर मिलानला दोन-एक असे हरवून युरोपियन चषक जिंकला. ब्रिटनमधल्या क्लबने तो जिंकण्याची ती पहिलीच वेळ. इंटरने १९६४ व १९६५ साली हाच चषक नेलेला, त्यांची बचावाची तटबंदी अभेद्य म्हणून गाजलेली. आणि समोर उभे राहिलेले अकराच्या अकरा खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. सातव्याच मिनिटाला पेनल्टीवर गोल खाऊन त्यांनी सामना फिरवला. तो घडवणारे स्टीन हे लॅनार्कशायरचे कोळसा खाणकामगार. आल्बियन रोव्हर्स या छोट्या क्लबकडून १९४२ पासून ते खेळत होते, तेव्हाही दिवसा खाणीत उतरत होते. पूर्ण वेळ फुटबॉल खेळण्याची संधी त्यांना १९५० साली, वेल्समधल्या एका लहान संघात मिळाली. सांगायचे असे की सेल्टिकच्या इतिहासातला सर्वांत थोर पुरुष हा स्वतः अर्धवेळ खेळाडू होता. (तो प्रॉटेस्टंट होता हेही जाता जाता नोंदवतो, ‘आपला’ आणि ‘परका’ ठरवताना आपण घाई करतो.) अर्धवेळ खेळाडूकडून हरणे ही नामुष्की मानायची असेल, तर त्या कोळशाने काळवंडलेल्या हातांचे काय करायचे?

लिंकन रेड इम्प्सची बाजूही पाहावी. जिब्राल्टरची लोकवस्ती तेव्हा पस्तीस हजारांच्या आत होती. सेल्टिकच्या मैदानात साठ हजार माणसे बसतात. म्हणजे अख्खे जिब्राल्टर, तान्ह्या मुलांसकट, तेथे आणून बसवले तरी जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील. विमानतळाच्या धावपट्टीला खेटून असलेले त्यांचे व्हिक्टोरिया मैदान, त्यावर कृत्रिम हिरवळ. युरोपच्या फुटबॉल महासंघाने जिब्राल्टरला पूर्ण सदस्यत्व दिले तेच मुळी २०१३ साली. अशा ठिकाणचा चौतीस वर्षांचा एक पोलीस उत्तरार्धाच्या तिसऱ्या मिनिटाला सेल्टिकच्या बचावातून वाट काढून गोल करतो, आणि त्याचे सहकारी उरलेला सगळा वेळ तो गोल प्राणपणाने राखतात. हाच माणूस २०१५ च्या मार्चमध्ये ग्लासगोच्याच हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंडविरुद्धही गोल करून गेला होता. जिब्राल्टरच्या राष्ट्रीय संघाचा स्पर्धात्मक सामन्यातला तो पहिला गोल. तेव्हा त्याला ओळखत नव्हतो, असे म्हणायची सोय स्कॉटिश माणसाला उरली नव्हती.

आम्हां भारतीयांना तर हे चटकन उमगावे. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, तेव्हा त्यांचे दहा खेळाडू अनवाणी होते. ती कथा सांगताना आपली छाती फुगते. त्या दिवशी कुणी गोऱ्या शिपायाने ‘अनवाण्यांकडून हरलो, लाज वाटते’ असे म्हटले असेल, तर आपण त्याला काय म्हणू? आणि तरीही आपल्या धर्मग्रामांतली पोरे रात्री साडेबारा-दीड वाजेपर्यंत दूरदर्शन संचापुढे जागून, हजारो मैलांवरच्या श्रीमंत क्लबांना ‘आम्ही’ म्हणत, कुठल्याशा छोट्या गावच्या संघाकडून ‘आम्ही’ हरलो की तीच ग्लासगोची भाषा वापरतात. गोव्यात फुटबॉल रुजवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते फादर विल्यम लायन्सही आयरिशच. १८८३ च्या सुमारास शिवोलीत त्यांनी मुलांपुढे चेंडू टाकला, तेव्हा ब्रदर वॉलफ्रिड यांचा क्लब जन्मायचा होता. दोघांनीही हा खेळ गरिबांच्या हाती दिला. तो आता आपण वरून खाली पाहण्यासाठी वापरतो आहोत.

आता माझ्या विरुद्ध पक्षाचे म्हणणे. ते असे की लाज वाटली नाही तर सुधारणा होणार नाही. पाठीराख्यांचा संताप हाच क्लबला ताळ्यावर ठेवणारा चाबूक आहे. हे म्हणणे मी उडवून लावत नाही, पण नोंदी तपासतो. २७ जुलै २००५ रोजी स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा येथे आर्टमीडिया या क्लबने सेल्टिकला पाच-शून्य असे लोळवले. प्रशिक्षक गॉर्डन स्ट्रॅकन यांचा तो पहिलाच स्पर्धात्मक सामना. हा माणूस या कामाचा नव्हे, असा निवाडा त्याच रात्री अनेकांनी देऊन टाकला. पुढच्याच आठवड्यात घरच्या मैदानावर सेल्टिकने चार गोल केले आणि एका गोलाने स्पर्धा गमावली. स्ट्रॅकन यांनी २००६, २००७, २००८ अशी सलग तीन वर्षे स्कॉटलंडची लीग जिंकून दिली. आणि ज्या आर्टमीडियाचे नावही कुणी ऐकले नव्हते म्हणून एवढा गहजब झाला, त्या संघाने त्याच मोसमात चॅम्पियन्स लीगच्या साखळी फेरीत पोर्तोला पोर्तोच्या मैदानावर तीन-दोन असे हरवले. तेव्हा अज्ञान कुणाचे होते?

पोर्तोचे नाव आले म्हणून सेव्हिलची गोष्ट सांगणे भाग आहे. २१ मे २००३ रोजी सेव्हिलला युएफा चषकाच्या अंतिम सामन्यात याच पोर्तोने सेल्टिकला अधिक वेळेत तीन-दोन असे हरवले. सुमारे ऐंशी हजार पाठीराखे ग्लासगो, आयर्लंड आणि कुठून कुठून त्या शहरात आले होते. मैदानात जागा पन्नास हजारांच्या थोडी वर, तीही दोन संघांत वाटलेली, म्हणजे बहुतेकांच्या हाती तिकीटच नव्हते. हेन्रिक लार्सनने दोनदा बरोबरी साधून दिली, तरी शेवटी हार. पोर्तोने वेळ काढूपणा केला याची कुरबुर आजही ऐकू येते. परंतु त्या हरलेल्या रात्री एवढा मोठा जमाव ज्या सभ्यतेने वागला, त्यासाठी युएफा आणि फिफा या दोन्ही संघटनांनी सेल्टिकच्या पाठीराख्यांना पुरस्कार देऊन गौरवले. म्हणजे हरावे कसे, हे या लोकांना बाहेरून कुणी शिकवावे लागत नाही. मोठ्या घराण्याकडून हरताना त्यांना ते येते. धाकट्याकडून हरताना मात्र ते विसरतात, आणि माझा आक्षेप नेमका येथे आहे.

एक राग मात्र मी न्याय्य मानतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सेल्टिकचा संघ कझाकस्तानातील अल्माटीला गेला. दोन्ही सामन्यांत मिळून एकही गोल झाला नाही. पेनल्टींच्या फेरीत सेल्टिकचे तिघे चुकले, कैरात हा क्लब प्रथमच चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत गेला, आणि सेल्टिकचे लाखो पौंडांचे उत्पन्न बुडाले. त्यानंतर पाठीराखे संचालक मंडळावर तुटून पडले. बँकेत एवढी शिल्लक असताना संघ अपुरा का ठेवला, आमच्या तिकिटांचा पैसा कशासाठी साठवला, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल गरिबाच्या पेनीचा हिशेब मागणारा आहे, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे. ज्यांच्या हाती तिजोरीची किल्ली आहे त्यांना जाब विचारावा, कडक शब्दांत विचारावा. पण त्याच वाक्यात ‘कझाकस्तानातल्या कुणा टुकार संघाकडून’ असे शब्द घुसडण्याची गरज काय? कैरातच्या खेळाडूंनी तुमची तिजोरी राखलेली नव्हती. त्यांनी दोन सामने गोल न खाता काढले, एवढाच त्यांचा अपराध.

आणि १ ऑक्टोबर २०२४ चा डॉर्टमुंडचा सामना घ्या. जर्मन क्लबने सेल्टिकला सात-एक असे धुतले. हा निकाल जिब्राल्टरपेक्षा कितीतरी दारुण. सहा गोलांचा फरक! परंतु यावेळी हळहळीची भाषा वेगळी होती : डावपेच चुकले, श्रीमंत लीगशी बरोबरी कशी व्हावी, इत्यादी. डॉर्टमुंड मोठे म्हणून सात गोल समजून घेता येतात. जिब्राल्टर लहान म्हणून एक गोल क्षमेला पात्र नाही. हा हिशेब फुटबॉलचा नाही, तो प्रतिष्ठेच्या पायऱ्यांचा आहे. लग्नाच्या पंगतीत कुणाला कुठे बसवायचे हे ठरवणाऱ्या आपल्याकडच्या कारभाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे.

राहता राहिला चाबकाचा मुद्दा. जिब्राल्टरच्या त्या पराभवानंतर नवे प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्स यांनी यात लाजिरवाणे काही नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले. त्यांचाही तो पहिलाच स्पर्धात्मक सामना होता, आणि या उत्तरावर पुष्कळ जण भडकले. आठच दिवसांनी ग्लासगोत सेल्टिकने लिंकनला तीन-शून्य असे हरवून पुढची फेरी गाठली. त्यानंतरच्या मोसमात, म्हणजे २०१६-१७ मध्ये, हा संघ स्कॉटलंडमध्ये लीग व दोन्ही चषकांच्या मिळून सत्तेचाळीस सामन्यांत एकदाही हरला नाही. ज्या प्रशिक्षकाने लाज मानण्यास नकार दिला, त्याच्याच हाताखाली हे घडले. त्या अख्ख्या वर्षात स्कॉटलंडमधल्या कुठल्याही पूर्णवेळ संघाला जे जमले नाही, ते जुलैच्या एका संध्याकाळी ली कॅशियारो या पोलिसाने करून दाखवले होते.