सगळी घडणावळच

सोन्याचं घड्याळ ही गुंतवणूक नाही आणि वारसाही नाही. हे एकदा स्पष्ट बोलायला हवं, कारण पंचविशी-तिशीतली, पहिल्यांदाच बरा पगार हातात आलेली माझ्या पिढीची मुलं या दोन शब्दांवर विश्वास ठेवून हप्ते भरायला लागली आहेत.

मी बोलतोय ते एका ठरावीक प्रकाराबद्दल. गुलाबी किंवा पिवळ्या सोन्याची केस, सायीच्या रंगाची डायल, पानासारखे काटे, वरच्या दोन छोट्या खिडक्यांत वार आणि महिना, कडेने तारखा आणि खाली सहाच्या जागी निळ्या आकाशातून डोकावणारा चंद्र. दिसायला १९४०च्या दशकातलं, बनलेलं मात्र कालपरवाचं. ‘व्हिंटेज-इन्स्पायर्ड’ म्हणतात ते हेच. देखणं असतं, यात वाद नाही. मलाही ही घड्याळं अतोनात आवडतात. म्हणूनच त्यांच्याभोवती रचलेल्या थापांचा राग येतो.

आधी सोन्याचं बघू. या केसवर ७५०चा शिक्का असतो, म्हणजे १८ कॅरेट. आईच्या ९१६च्या बांगडीपेक्षा हे सोनं कमीच शुद्ध. आणि बांगडी घेताना आई जो प्रश्न न चुकता विचारते, तो घड्याळाच्या शोरूममध्ये कोणी विचारत नाही: घडणावळ किती? दागिना मोडायला नेला की वजनाचे पैसे मिळतात, घडणावळ बुडते, हे तिला पाठ असतं. घड्याळाची केस वजनावर मोडली, तर छापील किमतीचा लहानसा हिस्साच हाती येईल. बाकी सगळी घडणावळच. त्यात कारागिरी आली, तशी जाहिरात, शोरूमचं भाडं आणि नटनट्यांचे करारही आले.

यावर हमखास उत्तर येतं ते लिलावांचं. पाटेक फिलिपचं १५१८ हे मॉडेल १९४१ साली आलं. आपोआप जुळणारं कॅलेंडर, चंद्रकला आणि स्टॉपवॉच असं सगळं असलेलं, मालिकेत बनणारं ते पहिलंच मनगटी घड्याळ. एकूण २८१ बनली असं मानतात. त्यातलं एक २०१६ मध्ये जिनिव्हात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकना गेलं. उदाहरण देणारे एक तपशील गाळतात: ते सोन्याचं नव्हतंच. बहुतेक १५१८ सोन्यातली आहेत, पोलादातली फक्त चार माहीत आहेत आणि हे त्या चारांतलं. पैसे मिळाले ते दुर्मिळतेला. धातू तर आपल्या ताटवाट्यांच्या जातीचा. त्याच वर्षी विकल्या गेलेल्या बाकीच्या हजारो घड्याळांचं काय झालं, हे लिलावाच्या कॅटलॉगमध्ये छापत नाहीत. लागलेल्या लॉटरीचं तिकीट दाखवून उरलेली तिकिटं खपवायची, असा हा प्रकार. २०२२च्या सुरुवातीला वापरलेल्या महागड्या घड्याळांचे भाव शिगेला पोचले आणि मग घसरले. ती तेजीसुद्धा मुख्यतः पोलादी स्पोर्ट्स घड्याळांची होती, चंद्रवाल्या सोन्याच्या घड्याळांची नव्हे.

आता वारसा. १९६९च्या नाताळात सेइकोने जपानमध्ये ॲस्ट्रॉन हे क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विक्रीला आणलं आणि पुढच्या पंधराएक वर्षांत स्विस घड्याळधंदा कोसळला. १९७०च्या सुमारास तिथे ९० हजारांच्या आसपास कामगार होते, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ३० हजारांच्या आसपास उरले. त्या पडझडीत ज्याँ-क्लोद बिव्हर आणि जाक पिगे यांनी ‘ब्लाँपँ’ हे विस्मरणात गेलेलं नाव २२ हजार फ्रँकना विकत घेतलं. मग जाहिरात केली, की १७३५पासून ब्लाँपँने क्वार्ट्झ घड्याळ बनवलेलं नाही आणि कधी बनवणारही नाही. विधान खरंच होतं. पण झोपलेलं नाव क्वार्ट्झ बनवणार तरी कसं? त्यांचा हुकमाचा पत्ता होता १९८३चं छोटंसं घड्याळ: वार, तारीख, महिना आणि चंद्र. १९९२ मध्ये हा धंदा आजच्या स्वॉच समूहाकडे गेला, तो सुमारे ६ कोटी फ्रँकना.

मी बिव्हरला नावं ठेवत नाही. त्या घड्याळातली चाकं खरी होती आणि मरणपंथाला लागलेली एक कला त्यामुळे तगली. पण तेव्हापासून चंद्राची खिडकी म्हणजे ‘आम्ही फार जुने’ असं सांगणारी पाटी झाली. आपल्या आजोबांच्या मनगटावर १९४८चं जिनिव्हा नव्हतं. असलंच तर पुढे कधीतरी एचएमटी आलं. वारसा हवा असेल तर घरातलं कपाट उघडा, त्यातलं बंद पडलेलं ‘जनता’ एखाद्या घड्याळजीकडे न्या. शोरूममध्ये मिळते ती दुसऱ्याची आठवण.

मग या घड्याळात आहे तरी काय? घडणावळ, आणि ती मात्र अस्सल आहे. मी सॉफ्टवेअर लिहितो; तारखांचा हिशोब किती वाकडा असतो, हे रोज बघतो. पर्पेच्युअल कॅलेंडरमध्ये एक चाक चार वर्षांत एक फेरी घेतं. त्याच्या कडेवर ४८ महिन्यांच्या नोंदी कोरलेल्या असतात: ३० दिवसांच्या महिन्याला लहान खाच, फेब्रुवारीला खोल, लिप वर्षाच्या फेब्रुवारीला किंचित उथळ. एक तरफ त्या खाचेत उतरते आणि किती उतरली यावरून यंत्राला महिना कळतो. ४८ नोंदींची मेमरी, तीही विजेशिवाय! २१०० हे लिप वर्ष नाही, एवढं तिला ठाऊक नाही. तेव्हा हाताने दुरुस्ती करावी लागेल.

चंद्राचं गणित आणखी गोड. ५९ दात्यांच्या तबकडीवर दोन चंद्र, म्हणजे एकाला साडेएकोणतीस दिवस. खरा चांद्रमास सरासरी ४४ मिनिटांनी मोठा, म्हणून साधारण दोन वर्षं आठ महिन्यांत एका दिवसाची चूक साठते. (आपला अधिक महिनाही साधारण तेवढ्याच अंतराने येतो, हा निव्वळ योगायोग.) १३५ दात्यांचं चाक बसवलं की तीच चूक साठायला १२२ वर्षं लागतात. व्हॅशरॉन कॉन्स्टंटिनच्या १९४८ हे साल नावात मिरवणाऱ्या गुलाबी सोन्याच्या घड्याळात चंद्र इतका अचूक आहे. तरीही संकष्टीचा उपास सोडायला कालनिर्णयच बघावं लागतं, कारण चंद्रोदय किती वाजता हे तो सांगत नाही.

‘मोबाइलवर हे सगळं फुकट दिसतं’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. दिसतंच. प्रश्न उपयोगाचा नाहीच. गाणं ऐकूनही तारीख कळत नाही.

पण गाण्यासाठी तिकीट काढताना आपण त्याला गुंतवणूक म्हणत नाही. घड्याळालाही तोच न्याय लावा. दिलेल्यातला मोठा भाग परत येणार नाही, असं धरूनही घ्यावंसं वाटलं, तर स्वतःच्या शिलकीतून एक घ्या आणि रोज घाला. हप्त्यांवर घेऊन त्याला ‘ॲसेट’ म्हणू नका. नोकरी गेल्यावर ते विकायला जाल, तेव्हा घडणावळ म्हणजे काय ते समोरचा दुकानदार समजावून सांगेल.

आणि दहा जमवणाऱ्यांना एवढंच विचारायचंय: मनगट एक, मग उरलेली नऊ काय करतात? साधं घड्याळ थांबलं तर फक्त वेळ चुकते. तुमच्या लॉकरमध्ये थांबलेलं प्रत्येक घड्याळ वार, तारीख, महिना आणि चंद्र, चारही खोटं सांगत पडलेलं असतं.